तुझ्या वतीने दिलेलं उत्तर

प्रिय एलॉय,

रॉटरडॅमला पोहोचल्याचा तुझा एका शब्दाचा निरोप जानेवारीत आला, त्यानंतर काहीच नाही. हे पत्र तिथल्या तुझ्या मावसभावाच्या, खुलियानच्या पत्त्यावर पाठवते आहे. तो ते तुझ्या हातात देईल.

ऑलिव्हना मोहर आलाय. बेकरीवाली कासिल्दा अजून सवयीने दोन पाव काढून ठेवते आणि मीही दोन घेऊन येते.

परवा सिरिआको मुकादम नातीला घेऊन वाचनालयात आला होता. तिच्या पुस्तकाची नोंद करत होते तेवढ्यात म्हणाला, "बाई, तुमचा एलॉय तिकडे रॉटरडॅमच्या गोदामात कामाला टिकला का? चिवट पोरगं! ऑलिव्ह तोडणीचा अख्खा हंगाम रोज पहाटे साडेपाचला काम मागायला चौकात हजर. माझाच जीव तुटायचा बघा. पण आता झाडं हलवून फळं यंत्रच पाडतं, चार माणसांत टोळी भागते. रोज म्हणायचो, आज नाही रे, उद्या बघू. आणि हा लेकाचा उद्या हजर!" हसता हसता त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

घरी येऊन मी माझी रोजनिशी उघडली. मला वाटायचं, मी खरं तेच लिहिते. डिसेंबरात पानामागून पान एकच वाक्य आहे: "एलॉय आजही बारापर्यंत झोपून." एके ठिकाणी पुढे लिहिलंय, "दारात चिखलाचे बूट. रात्रभर मित्रांबरोबर उंडारला असणार." तो लाल चिखल शेताकडून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांचा, चौकातला. तो मी ओळखायला हवा होता. माझ्या वडिलांच्या बुटांना तो जन्मभर होता. मसूर वाढताना मी तुला टोमणा मारायचे, "उजाडलं का राजेसाहेबांचं?" तू म्हणायचास, "उजाडलं, आई," आणि खाली मान घालून जेवायचास. रिकाम्या हातांनी परतलेला मुलगा आईला दिसू नये म्हणून तू पुन्हा पांघरुणात शिरायचास, हे मला त्या मुकादमाकडून कळावं?

आणि मग तो फोन. रोजगार पाहणीसाठी फोन करणारी, माद्रिदच्या सांख्यिकी कार्यालयातली ती गोड आवाजाची मुलगी. दीड वर्षात सहा वेळा, दर तीन महिन्यांनी तेच प्रश्न, आणि घरातल्या एकाने सगळ्यांच्या वतीने उत्तरं दिली तरी चालतात. मला उठून तुझं दार वाजवता आलं असतं. मी म्हटलं, "मी सांगते ना, तो झोपलाय." गेल्या आठवड्यात एक तास तरी काम केलं? नाही. गेल्या चार आठवड्यांत काम शोधलं? खोटी आशा दाखवायची नाही, जे पाहिलं तेच सांगायचं, असा विचार केल्याचं मला आठवतं. मी म्हटलं, "नाही. शोधतच नाही." ती म्हणाली, मग बेकारांत धरता येणार नाही. फोन ठेवून वळले तर तू दारात उभा होतास, अंगात बाहेरचं जाड जॅकेट. "म्हणजे मी बेकारसुद्धा नाही का, आई?" असं विचारून तू हसलास. मीही हसले. चौथ्या दिवशी तू बस पकडलीस. तेव्हाही मला वाटलं, चला, शहाणा झाला.

तू तेव्हा का बोलला नाहीस, हे मी तुला विचारणार नाही. मी विचारलं असतं तर तू बोलला असतास.

काल त्या मुलीचा पुन्हा फोन आला. पहिला प्रश्न नेहमीचाच: "घरात माणसं दोनच ना? आपण आणि मुलगा?" तू कायमचा गेला असशील तर तुझं नाव काढायचं, परत येणार असशील तर ठेवायचं, असं तिने समजावून सांगितलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "तो झोपलाय. तुम्ही पुढच्या गुरुवारी करा." आयुष्यात पहिल्यांदा मी सरकारशी खोटं बोलले. मग तुझ्या खोलीत जाऊन त्या घडी घातलेल्या पांघरुणापाशी बसून राहिले.

गुरुवारी ती पुन्हा विचारेल. एक की दोन, एवढंच कळव. जे कळवशील तेच मी सांगेन, एक असलं तरी. तुझ्या वतीने उत्तर मी एकदा दिलं, आता देणार नाही.

तुझीच,
आई