सत्यभामेचे मासे आणि माझा मजबूत स्टँड

४ मे
सत्यभामा सकाळच्या एसटीनं धारूरला गेली, भावाकडं. कारण किरकोळ. तिचा फिश टँक दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ठेवलाय अन् एक खुर्ची वाकली. लेक लग्न होऊन गेल्यापासून ही त्या माशांशीच बोलती. म्हणली, सटवा सुताराला बोलवा. मी म्हणलो, सुतार कावून? मी काय मेलोय? लाकडी स्टँड मीच करणार, हत्ती बसला तरी हलणार न्हाई असा. ती म्हणली, मग टँक त्याच्यावर बसला की सांगा, तवाच येते.
चार दिवसाचं काम. रविवारपर्यंत बायको घरात.

६ मे
शेतातली बाभूळ तोडून आणली. वाटेत सटवा भेटला. म्हणला, मोहनराव, ओलं लाकूड हाय, वाळू द्या, न्हाईतर पीळ खाईल. गिऱ्हाईक हातचं गेलं की माणूस असंच बोलतो.

९ मे, दुपारी
लाकडानं पीळ खाल्ला. ऊन लई हाय, त्याला मी काय करणार.
फोन केला. तिनं विचारलं, माशांनी खाल्लं का? मी खाल्लं का, हे विचारायच्या आधी रेंज गेली असावी.

१२ मे
खिचडी करपली. तिसऱ्यांदा. लाल मासा काचेला येऊन तोंड उघडतो, मिटतो. अगदी तिच्यासारखा, फक्त आवाज न्हाई. रडू आलं. भुसा गेला असणार डोळ्यात.
ठरलं. उद्या काहीही करून पुरं करायचं. हे घर खायला उठतंय.

१५ मे
झाला! एक पाय आखूड हाय, त्याच्याखाली पंचायत समितीच्या इलेक्शनमधली माझी उरलेली पत्रकं घातली. लई उरलीती. स्वतः मांडी घालून वर बसून बघितलं. उतरताना जरा हलला, पण मासे थोडेच उतरणारेत? शेजाऱ्यांना धरून टँक चढवला. तिला फोन केला. उद्या येते म्हणली!

१६ मे
बजरंग मेव्हण्याच्या जीपमधून आली. बॅग घेऊन. टँक बघून हसली सुद्धा. मी नारळ आणलाच होता. बजरंग म्हणला, दाजी, बाहेर दगडावर फोडा. मी म्हणलो, स्टँडवरच फोडतो, मजबुती दिसू दे सगळ्यांना. हाणला.
नारळ फुटला न्हाई. काच फुटली.
नळाला दहा दिवसातून एकदा पाणी, अन् आमच्या घरात पूर. सत्यभामेनं लुगडं खोचून एकेक मासा कळशीत घेतला. सगळे वाचले. आणलेली बॅग न उघडताच कळशी मांडीवर घेऊन जीपमध्ये बसली. मी म्हणत होतो, स्टँड बघ की, शाबूत हाय! खरं तर, माझं चुकलं, राहा, असं म्हणायचं होतं. तोंडातून स्टँडच निघाला.
जीप कोपऱ्यावर थांबली. मला माहीतच होतं! अनवाणी पळालो. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला.
माशांच्या खाऊची डबी राहिलीती. आणून दिली.