एकाने एक आणावा

२ सप्टेंबर, रविवार. दुपार.

आज उपासना संपल्यावर पाळकांनी धोंडाच टाकला. बिशपांच्या ऑफिसातून निरोप आहे. आपली मंडळी आटत चालली आहे, अशीच आटली तर नव्या वर्षात तिला पुलापलीकडच्या मंडळीत विलीन करायचं आणि आपल्या चर्चला कुलूप. पाळक वयाने लहान आहेत, सांगताना निरोपाच्या कागदाची घडी घालत-उलगडत होते. उपाय काय, तर प्रत्येकाने शेजारीपाजारी आपल्या विश्वासाबद्दल बोलायचं आणि चौदा ऑक्टोबरच्या रविवारी एकाने एक माणूस आणायचा.

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. आम्ही लूथरन. तारण कृपेने मिळतं, खटपटीने नाही, हे पाळण्यातच शिकलेलो. त्यामुळे खटपट म्हटली की आम्ही विश्वासात खंबीर होतो आणि जागचे हलत नाही.

समितीचा प्रमुख कोण, असं विचारल्यावर माना माझ्याकडे वळल्या. योग्यच आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात उभा जन्म फोरमनकी केली. शाळा आठवीत सुटली, पण धर्माची प्रश्नोत्तरी अजून पाठ आहे. बाकीच्यांना स्वतःचा फोन नंबर आठवत नाही.

पुलापलीकडे मी जिवंतपणी जाणार नाही. तिथल्या मंडळीचा मुख्य पंच माझा मेहुणा आहे. दारात उभा राहून येईल त्याला मिठी मारतो. दाजी, दाजी करत मलाही मारेल. दर रविवारी.

५ सप्टेंबर. संध्याकाळ.

पहिली बैठक. मावशी, खजिनदारबाई आणि ऑर्गनवाले मास्तर. एकेकाचं बघावं ते नवल.

मावशींनी कानातलं यंत्र बंद ठेवलं होतं, बॅटरी वाचते म्हणे. खजिनदारबाई म्हणाल्या, आमच्या सोसायटीत सगळे भले लोक आहेत, त्यांना कशाला त्रास. मास्तर म्हणाले, मी वाजवीन तेवढं वाजवीन, माणसं आणणं माझ्या पेडलखाली येत नाही. मी त्यांना अर्धा तास धैर्याबद्दल सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मावशींनी विचारलं, चहा झाला का?

ठरलं ते असं: प्रत्येकाने आपापल्या बाजूची एक जागा पाहुण्यासाठी धरायची. जागेवर गीतांचं पुस्तक ठेवायचं. कल्पना माझी.

८ सप्टेंबर

माझा माणूस निवडायचा आहे. वरच्या मजल्यावरचा नको. ड्रेनेजच्या पाइपावरून वाजलं तेव्हापासून आमचं बोलणं नाही, आणि स्वर्गातही तो वरच राहायला आला तर पंचाईत. किराणावाला नको, वजनात मारतो. डॉक्टर तर नकोच. म्हणतो, काका, चष्मा दिवसभर लावा. चष्मा मी गीतांच्या पुस्तकापुरता आणि या वहीपुरता लावतो. रस्त्यात चष्मा लावायला मी काय म्हातारा झालो?

निवड: कोपऱ्यावरचा नवा सलूनवाला. बोलका आहे. गिऱ्हाईक कमी, म्हणजे वेळ भरपूर. शिवाय दाढी करताना तो पळून जाऊ शकत नाही.

११ सप्टेंबर

भाषण तयार. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. आरशासमोर म्हणून पाहिलं. पहिल्या मुद्द्यालाच माझे डोळे पाणावले. सलूनवाल्याचं काय होईल देव जाणे.

तीच तारीख, दुपार.

गेलो. खुर्चीत बसलो, प्रस्तावनेला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने त्यात फेस घातला. नंतर वस्तरा आला. वस्तऱ्याखाली मान असताना साक्ष फक्त हुतात्मे देतात. मी मंडळीचा पंच आहे.

तोच बोलत होता. त्याच्या बहिणीचं लग्न, खुर्चीचा स्प्रिंग, गल्लीतलं कुत्रं. एकही विषय धड नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार. निघताना, पुन्हा या काका, म्हणाला. म्हणजे मन तयार होत आहे.

१५ सप्टेंबर

बाजारात खजिनदारबाई भेटल्या. लाल ड्रेस. मी थांबून नमस्कार केला, समितीचं काम कुठवर आलं विचारलं. उत्तर नाही. तोंड आ वासून उभ्या. असल्या लोकांच्या जिवावर चर्च वाचवायचं!

घरी सांगितल्यावर ही म्हणाली, अहो, कोपऱ्यावर ना? ती पोस्टाची पेटी. हिला प्रत्येकाची बाजू घ्यायची सवय आहे.

१८ सप्टेंबर

दुसरी दाढी. आज फेसाच्या आधी बोलायचं ठरवलं होतं. पण तो म्हणाला, काका, गालावर तर काहीच नाही, नुकतीच केली ना? मी म्हटलं, आमच्या घराण्यात भराभर येते. झालं, सगळा वेळ घराण्यात गेला.

कारण आत्ता कळलं. प्रस्तावना लांब आहे. ती काढून टाकली. आता तीन मुद्दे.

२५ सप्टेंबर

तिसरी. आज गिऱ्हाईक नव्हतं, फेस नव्हता. पहिला मुद्दा ओठांवर आला आणि शिंक आली. त्यानंतर विषय सर्दीचा निघाला. त्याने आल्याचा काढा सुचवला. गालाची साल निघत आहे. सुवार्तेसाठी सोसायलाच हवं.

मुद्दे फार आहेत. एकच ठेवला.

२७ सप्टेंबर. जेवणानंतर.

ही भांडी पुसता पुसता म्हणाली, एवढे सलूनवाल्याला पटवायला निघालात, मला सांगा, तुम्ही स्वतः का जाता चर्चला? एका वाक्यात सांगा.

किती बाळबोध प्रश्न. हसूच आलं. म्हटलं, आधी भांडी होऊ दे. मग झोप आली.

उत्तर सोपं आहे. उद्या लिहितो.

२८ सप्टेंबर

काल पाहुण्यांच्या व्यवस्थेचा विचार करण्यात राहिलं. उत्तर उद्या.

१ ऑक्टोबर

मेहुण्याचा फोन. दाजी, आमच्याकडे तुमच्यासाठी जागा आहे हं, पंखा आहे तिथेच. मी म्हटलं, आमच्याकडे चौदा तारखेला बसायला जागा उरणार नाही, तूच पंखा लावून बस. तो हसला. त्याला सगळ्याचंच हसू येतं. रिकामं डोकं, मोठी मिठी.

हिला म्हणे तो म्हणाला, दाजींना सांभाळ, कुलूप लागलं तर खचतील. मी आणि खचणार! आमचं लग्न त्या वेदीसमोर लागलं, मुलीचा बाप्तिस्मा तिथे झाला, वडिलांची शवपेटी त्याच दारातून निघाली. त्याचा आणि खचण्याचा काय संबंध?

आज लिहिणं जमत नाही. डोळ्यांत काहीतरी गेलंय. डॉक्टर नालायक आहे.

६ ऑक्टोबर

विजय! चौथी दाढी. आज गुपचूप बसलो. दाढी झाली, तोंड पुसलं, दारापर्यंत गेलो आणि वळून एका दमात म्हणालो, येत्या चौदाला रविवारी सकाळी आमच्या चर्चमध्ये उपासना आहे.

तो म्हणाला, हो? तुम्ही असाल ना काका?

काय प्रश्न! मी नसेन तर दार कोण उघडणार? म्हटलं, शेवटून दुसरा बाक, माझ्याशेजारी जागा धरून ठेवतो. तो म्हणाला, बघतो, त्या दिवशी गर्दी असते दुकानात. पण बघतो.

हा होकार आहे. माणसं ओळखायला मला चष्मा लागत नाही.

हिला सांगितलं. म्हणाली, आणि विश्वासाचं काही बोललात? म्हटलं, ते ओघाने येईल. ही म्हणाली, ताकाला जाता आणि भांडं लपवता तुम्ही. बायकांना डावपेच कळत नाहीत.

१३ ऑक्टोबर. संध्याकाळ.

सगळी तयारी झाली. प्रत्येक बाकावर एकेका जागेवर पुस्तक ठेवून आलो. पाळक दारातून बघत होते. म्हणाले, काका, एवढी माणसं येतील? म्हटलं, पाळकसाहेब, विश्वास ठेवा. मला हे त्यांना शिकवावं लागतं.

१४ ऑक्टोबर, रविवार. दुपार.

लोकांची मनं दगडाची आहेत. दगड बरे, निदान जागेवर असतात.

चष्मा लावून शेवटून दुसऱ्या बाकावर लवकर जाऊन बसलो. बाजूच्या जागेवर पुस्तक, पुस्तकावर माझी टोपी. ही गायनवृंदात, वर माळ्यावर. सलूनवाला डोळ्यांसमोर होताच: पांढरा कोट आणि त्याच्यावर काहीतरी गोल. पांढऱ्या कोटाकडे डोळे लावून बसलो.

मावशींच्या शेजारी पुस्तक. खजिनदारबाईंच्या शेजारी पुस्तक. पुस्तकं सगळी हजर, माणसं गैरहजर. पाळकांनी घरमालकाला आणलं होतं, तो बसताक्षणी झोपला आणि घोरला.

ऑर्गन सुरू झाला तेवढ्यात एक अनोळखी इसम आत आला. निळा शर्ट, केस तेल लावून चापून बसवलेले, टवटवीत चेहरा. सरळ माझ्याकडे आला, हसला, माझी टोपी उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि पाहुण्याच्या जागेवर बसला! विचारणं नाही, सवरणं नाही. काहीतरी बोलायला लागला. मी ओठांवर बोट ठेवलं, कानाशी पुटपुटलो की ही जागा पाहुण्यासाठी धरली आहे, आणि पुढे बोट दाखवलं. तो माझ्याकडे बघत राहिला. पुन्हा तोंड उघडलं. मी पुन्हा बोट दाखवलं, जरा जोरात.

बिचारा एकेका बाकाशी थांबला. खजिनदारबाईंनी पुस्तकावर हात ठेवला, मावशींनी पर्स. चर्च रिकामं आणि बसायला जागा नाही. शेवटी गेला पहिल्या बाकावर. पहिल्या बाकावर आमच्यात कुणी बसत नाही. लूथरन माणूस वेदीचा आदर लांबून करतो.

आणि काय शोभा! पुढे बघायला कुणी नाही, मग उठायचं कधी, बसायचं कधी, कळणार कसं? आम्ही उभे तेव्हा हा बसलेला. दचकून उठला तेव्हा आम्ही बसत होतो. गीत सुरू झालं तर पुस्तक उलटं. कवायत येत नाही तर मैदानात कशाला उतरावं? उपदेशाआधीच हळूच उठला, बाजूच्या दाराने गेला. जाताना माझ्या बाकाकडे बघितलं. माझ्याशेजारी टोपी होती.

सलूनवाला आला नाही. चार दाढ्या वाया.

तीच तारीख. संध्याकाळ.

पाळक घरी येऊन गेले. चहा घेतला नाही. म्हणाले, काका, तो पहिल्या बाकावरचा माणूस कुणाबरोबर आला होता? मी म्हटलं, वाट चुकलेला दिसतो. ते म्हणाले, एक जरी माणूस आपल्यातल्या कुणाच्या ओळखीने आला असता, पुन्हा येतो म्हणाला असता, तर मी बिशपांकडे वर्षभराची मुदत मागणार होतो. मंगळवारी संध्याकाळी पत्र पाठवायचं आहे. एक पुरला असता.

ही म्हणाली, मी वरून बघत होते. एवढा घाबरला होता तो. तुम्ही जाऊन त्याच्याशेजारी का नाही बसलात? मी म्हटलं, आणि माझा पाहुणा आला असता तर? ही उठून स्वयंपाकघरात गेली. हिचं असं उठून जाणं मला आवडत नाही.

उद्या सलून बंद असतं. परवा जाऊन त्या माणसाला जाब विचारणार. शब्दाला किंमत नसलेली जात.

१६ ऑक्टोबर, मंगळवार. दुपार.

गेलो. चष्मा खिशात. खुर्चीत बसलो. आज बहीण नाही, स्प्रिंग नाही, कुत्रं नाही. तो बराच वेळ कात्री पुसत उभा होता. मग म्हणाला, काका, ज्यांच्यासाठी जागा धरली होती ते आले का हो?

म्हटलं, कसले येतात! तोंडावर हो म्हणायचं आणि ऐन वेळी पाठ दाखवायची. असल्या माणसांसाठी आम्ही सभ्य लोकांना जागेवरून उठवतो. बरंच बोललो. फेस लावलेला नव्हता, त्यामुळे जीभ मोकळी होती. बोलता बोलता मनात आलं, जागा तर मी याच्यासाठीच धरली होती. मग हा दुसऱ्याच कुणाबद्दल विचारल्यासारखं का विचारतोय?

खिशातून चष्मा काढला. लावला. आरशात बघितलं.

चापून बसवलेले केस. टवटवीत चेहरा.

तो म्हणाला, चष्म्यात तुम्ही वेगळेच दिसता, काका. टोचून म्हणाला नाही. टोचून म्हणाला असता तर सोपं गेलं असतं.

मग सांगू लागला. तुम्ही दर थोड्या दिवसांनी यायचात, गुळगुळीत गालावर वस्तरा फिरवून घ्यायचात, तोंड उघडायचात आणि मिटायचात. मी बहिणीला म्हटलं, काकांना काहीतरी सांगायचंय, घरी काही दुखणंबिखणं नसेल ना. ती म्हणाली, बोलावलंय तर दुकान बंद ठेव आणि जा. म्हणून आलो. मला वाटलं, तिथे तरी बोलाल.

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

त्याने कात्री खाली ठेवली. हात पुसले. खुर्ची आरशाकडून स्वतःकडे वळवली आणि समोरच्या बाकड्यावर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. दुकानात कुणी नव्हतं. रस्त्यावर कुत्रं पण नव्हतं. पाळकांना एक माणूस हवा होता, पत्र संध्याकाळी जाणार होतं, आणि तो माणूस माझ्यासमोर हात मांडीवर ठेवून बसला होता.

म्हणाला, बोला काका. घाई नाही.

मी तोंड उघडलं. म्हणालो, कल्ले जरा वर घ्या.

तो उठला आणि त्याने घेतले.