उजव्या बोटांची गिटार

आप्पा, तुमच्या हत्यारांची पेटी मी गेल्या दिवाळीत उघडली. तुम्ही गेल्यापासून ती गडमुडशिंगीच्या घरात पलंगाखालीच होती. आई होती तोवर अधूनमधून ती पेटी ओढून हत्यारांना तेलाचं बोट लावायची, तिच्यानंतर कुणी लावलं नाही. कुलपाची किल्ली सापडेना म्हणून कडीच कापून घेतली. आत सगळं तुम्ही ठेवलं होतं तसंच होतं. जुन्या बनियनच्या कापडात गुंडाळलेल्या पटाश्या, आडवे ठेवलेले रंधे, कानशी, गुण्या आणि तळाला तुमची ती लांब पोलादी पट्टी. तेलाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास आला आणि मी तशीच फरशीवर बसून राहिले. मला काय करायचं होतं ते ठरलेलं होतं, पण त्यातलं कुठलं हत्यार कशाला हे मला कळत नव्हतं. तुमची मुलगी असून कळत नव्हतं.

तुम्ही माझ्या मुलीला पाहिलेलं नाही. ती तुमच्यानंतरची. ती इलेक्ट्रिक गिटार वाजवते. वाजवायची म्हणू की वाजवते म्हणू, हे मला सध्या ठरवता येत नाही. तुमच्या वेळी चौदा एप्रिलच्या जयंतीला ढोलकी, पेटी आणि एखादं बुलबुलतरंग असायचं. आता त्याच गाण्यांमागं ड्रम असतो, कीबोर्ड असतो आणि एका कोपऱ्यात माझी पोरगी उभी असायची, मान खाली घालून, कुणाकडं न बघता. गायकाची ओळ संपली की ती दोन-चार सुरांत अशी काही हरकत घ्यायची की पुढं बसलेल्या म्हाताऱ्या बायाही माना वळवायच्या. एप्रिल-मे तर ती घरात दिसायचीच नाही. गेल्या वर्षी जोतिबाच्या रस्त्याला एका गावात कार्यक्रम होता. सकाळी परत येताना उतारावर खडी पसरलेली होती, गाडी घसरली आणि तिचा डावा हात हँडलखाली सापडला. दोन ऑपरेशनं झाली. हात वाचला. पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळत नाही. डॉक्टर चांगले होते, खोटं बोलले नाहीत. म्हणाले, लिहिता येईल, गाडी चालवता येईल, स्वयंपाक करता येईल. ती म्हणाली, "आणि गिटार?" ते तिच्या हाताकडंच बघत राहिले.

गिटारीत डाव्या हाताची बोटं दांडीवर तारा दाबतात आणि उजवा हात तारा छेडतो. म्हणजे जे गेलं ते नेमकं दाबणाऱ्या हातातलं. तिच्या ऑर्केस्ट्रातला एकजण भेटायला आला होता, तो म्हणाला, "उलटी वाजव की. डावखुरी माणसं वाजवतातच न्हवं? उजव्या हातानं दाबायचं, डाव्यानं छेडायचं." ती हसली. तो गेल्यावर म्हणाली, "आई, उद्यापासून तू डाव्या हातानं मोडी लिही, असं सांगण्यासारखं हाय ते." त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. तिची गिटार कपाटावर गेली. मी शाळेतून यायचे तेव्हा ती खिडकीत बसून चेंडू दाबत असायची, फिजिओथेरपीचा. मी चहा करायचे. ती प्यायची. आईला मुलासाठी काहीतरी करता येतं असं मी इतकी वर्षं धरूनच चालले होते.

डावखुऱ्यांची गिटार विकत मिळते, आप्पा. तिचे बाबा म्हणालेही, "मागवून घे की. बनवत काय बसतीस?" त्यांचं बरोबर होतं. पण विकत आणलेली गिटार आठ दिवसांत दारात आली असती आणि आठ दिवसांनी मी पुन्हा रिकामी झाले असते. मला हाताला काम पाहिजे होतं, खरं कारण एवढंच. मुलीसाठी बनवतेय असं मी सगळ्यांना सांगितलं आणि स्वतःलाही सांगितलं.

बाजारात हार्डवेअरच्या दुकानात गेले. मालकानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय बनवायचंय वहिनी? कपाट?" म्हटलं, गिटार. "कुठली? पोकळ, का करंट लागती ती?" म्हटलं, करंटवाली. तो खूश झाला. म्हणाला, "मग भ्यायचं काम न्हाय. ती भरीव फळी असती. पर एक सांगतो, हे सगळं घेऊ नगासा." कारण मी इंटरनेटवर बघून बघून लांबलचक चिठ्ठी केली होती. त्यानं एकेक ओळ खोडली. पट्टा-करवत नको, ओळखीच्या सॉ-मिलवर कापून मिळेल. लाकूड आवळून धरायचे ढीगभर शिकंजे नकोत, चार पुरेत. महागडा पॉलिशर तर नकोच, हात आहेत. राहता राहिला राउटर. भोवऱ्यासारखं फिरणारं पातं लाकडाची कड कोरत जातं, ते मशीन. त्याच्या पात्याच्या बुडाशी एक बारीक बेअरिंग असतं. लाकडाला साचा चिकटवायचा, बेअरिंग साच्याच्या कडेला टेकून चालतं आणि वरचं पातं लाकूड हुबेहूब तसं कापतं. "हे मात्र चांगलं घ्या," तो म्हणाला, "आन् हात संभाळा. ह्याला बोट आन् लाकूड सारखंच." मी पिशवी उचलली आणि रिक्षा स्टँडवर आले.

साचा म्हटलं की मला तुम्हीच आठवणार. आपल्यात कुणाच्या हातात कधी रंधा नव्हता. तुम्ही फाउंड्रीत वाळू चाळायला लागलात आणि दारातून बघून बघून पॅटर्नचं, म्हणजे वाळूत ठसा उठवायच्या लाकडी नमुन्याचं, काम उचललंत, हे आईनं सांगितलेलं. मी पाहिलं तोवर तुम्ही मिस्त्री झाला होता. मी सायकलवरून डबा घेऊन यायचे. एकदा तुमच्या बाकावर कसल्याशा पंपाचा लाकडी पॅटर्न तयार होता, पिवळा रंग दिलेला, इतका सुंदर की मी म्हटलं, झालं की आता. तुम्ही म्हणालात, "डोळं मिट. बोट फिरव." मी कडेवरून बोट फिरवते आहे. "काय लागतंय?" काही नाही. "परत फिरव." तरी काही नाही. मग तुम्ही माझं बोट धरून एका जागी नेता, आणि तिथं खरंच काहीतरी असतं, केसाएवढं. "ही चूक हितं ऱ्हायली की वाळूत जाती, वाळूतनं लोखंडात जाती. जितकं नग निघतील तितक्यांत जाती. मग लोखंडाला रंधा लागत न्हाय, बाई." तुम्ही रागावला नव्हता, पण मला ते रागावल्यासारखंच लागलं, कारण तो पॅटर्न तुम्ही त्या दिवशी परत खरवडायला घेतलात आणि मला शाळेच्या कार्यक्रमाला घेऊन जायचं राहिलं. त्याबदल्यात पुढच्या आठवड्यात मला कंपासपेटी करून दिलीत, देवदारच्या उरलेल्या तुकड्याची, आतले कोपरे मेणानं गोल केलेली. बाकीच्या पोरींच्या पेट्या पत्र्याच्या होत्या. ती पेटी पुढं एका भाड्याच्या घरात राहून गेली.

गिटारीचा आराखडा मला खऱ्या मापात कागदावर मिळाला, पण तो उजव्या हातानं छेडणाऱ्याचा होता. तो उलटा खिडकीच्या काचेला लावला आणि मागून दिसणाऱ्या रेघा पेन्सिलीनं गिरवल्या. मुलगी आतून बघत होती. कागदाचा साचा चालत नाही, पुठ्ठ्याची कड बेअरिंगखाली दबते, प्लायवुडच्या कडेत पोकळ जागा निघतात. शेवटी एमडीएफवर, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीवर, आले. त्याला रेषा नसतात, कानस सगळीकडं सारखी चालते. बाहेरचा आकार मी घरी कापला. दांडी बसते ती खाच मात्र अंगावर घेतली नाही. तिथं जरा ढिलाई राहिली तर दांडी हलते म्हणतात. त्या खाचेचा साचा उद्यमनगरात लेसरवर ॲक्रिलिकचा कापून आणला. तुम्ही असता तर म्हणाला असता, घरचं पोरगं आणि शेजारणीचं दूध. पण मला माझ्या हाताची पायरी कळत होती.

बाहेरच्या आकाराचा पहिला साचा मी डोळे मिटून तपासला. बोटाला काही लागलं नाही. राउटर फिरवला आणि सॉ-मिलवरून आणलेल्या शिवणीच्या फळीत गिटारीच्या कमरेच्या वळणाला सरळ एक खळगा उतरला. तो साच्यात होताच. माझ्या बोटाला लागला नव्हता, इतकंच. दुसरा साचा केला, दुसरी फळी आणली. राउटर चालू केला की मुलगी उठून गच्चीवर जायची. तिला आवाजाचा त्रास होतो असं मी धरून चालले होते. एकदा वरून आली आणि म्हणाली, "बंद केल्यावर हाक मारत जा. तुझी बोटं मोजल्याबिगर मला खाली यायला भ्या वाटतंय." मी दोन्ही हात पुढं केले. तिनं खरंच मोजली.

दांडी पडद्यांसकट, म्हणजे तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांसकट, तयार मागवली होती, डावखुऱ्यांची. तारा बसतात तो ब्रिज मात्र आपण बसवायचा असतो, ठरलेल्या अंतरावर. ते अंतर मी तुमच्या लांब पट्टीनं मोजलं. मुद्दाम तीच घेतली. बाकी कशातच तुम्ही नव्हता म्हणून घेतली असेल. भोकं पाडली, ब्रिज बसवला, वायरी उद्यमनगरातल्याच एकाकडून जोडून आणल्या, तारा चढवल्या आणि गिटार तिच्या पलंगावर ठेवून स्वयंपाकघरात गेले. बऱ्याच वेळानं एक सूर आला. मग तोच वरचा. मग परत. मग तिनं हाक मारली. "आई, ही खोटं बोलतीया." तिनं मला दाखवलं. मोकळी तार छेडली की एक सूर, आणि तारेच्या बरोबर मध्ये, बाराव्या पडद्यावर, दाबून छेडली की तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. तो उतरलेला येत होता. मला फरक कळतही नव्हता. तिला दाताखाली खडा आल्यासारखं होत होतं. ब्रिजचे स्क्रू शेवटापर्यंत फिरवले तरी तो फरक जाईना. "कशानं मोजलंस?"

तिनं शिवणकामाची टेप आणली, तुमच्या पट्टीशेजारी लावली आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. पट्टीवरचे आकडे टेपच्या आकड्यांच्या पुढं पुढं सरकत जात होते. तेव्हा मला आठवलं. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच थोडी लांब आखलेली असते. तुम्ही मला सांगितलं होतं. मी तिला सांगितलं. ती पट्टीकडं बघत म्हणाली, "म्हंजे ही गिटार थंड झाली की सुरात यील व्हय?" आणि हसायला लागली. आप्पा, अपघातानंतर ती अशी हसली नव्हती. मीही हसले, आणि हसता हसता माझं रडू बाहेर पडलं, आणि तिनं ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

भोकं लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवली. ब्रिज पुढं घ्यायचा होता तेव्हा टेपचं एक टोक तिनं धरलं, डाव्या हातानं. न वळणारी दोन बोटं सरळ उभी राहिली होती, पण टेप हलली नाही. आकडा तिनं वाचला, भोक मी पाडलं. या खेपेला बारावा पडदा बरोबर बोलला. मला वाटलं, झालं. मनात एप्रिलचे कार्यक्रमसुद्धा येऊन गेले, खोटं कशाला सांगू.

तिनं गिटार उलटी गळ्यात घेतली. उजव्या हाताची बोटं तारांवर ठेवली. ती बोटं मऊ आहेत, त्यांना घट्टे नाहीत, आणि त्यांना काही माहीत नाही. लहान मूल पाटीवर गिरवतं तसे सूर आले. ज्या हाताच्या हरकतीला बाया माना वळवायच्या तो डावा हात आता नुसता वरखाली करायला होता, आणि तेही त्याला जमेना. थोड्या वेळानं तिनं गिटार उतरवली, भिंतीला टेकवली. म्हणाली, "चांगली झालीय. वजन बरं हाय." मी म्हटलं, हळूहळू येईल. तेव्हा ती माझ्याकडं वळली. "तू एवढं केलंस म्हणून मी वाजवायचं का, आई?" चिडून नाही. खरंच विचारत होती. मी नाही म्हटलं. मग तिनं विचारलं, "आन् न्हाईच वाजवली तर?" मी भुसा झाडायला घेतला.

त्याला बरेच दिवस झाले. गिटार भिंतीला होती. मी तिच्यावर फडकं मारायचे, तीही बघायची. तुमची पट्टी परत पेटीत ठेवली. ऑर्केस्ट्रावाल्यांनी यंदासाठी दुसरा मुलगा घेतला. त्यांनी तिला फोन करून सांगितलं, तिनं "घ्या की" म्हटलं. मी तेव्हा भाजी निवडत होते. तुम्ही अशा वेळी काय करायचा हे आठवून पाहिलं. तुम्ही काही बोलायचा नाही. बाक पुसायचा. आईला ते कधी आवडलं नाही, मलाही नाही.

आज रविवार, दुपार आहे. मी बाहेरच्या खोलीत बसले आहे आणि आतून गिटारीचा आवाज येतो आहे. ॲम्प्लिफायर नाही लावलेला, नुसत्या तारा. तेच तीन सूर. तिसऱ्याला बोट घसरतं, ती थांबते, पहिल्यापासून घेते. परत तिथंच घसरतं. दार लोटलेलं आहे, पण फटीतून तिला मी दिसते. मघाशी मी रिकाम्या हातांनी नुसती ऐकत बसले होते तर ती थांबली. "आई, ऐकू नगंस की." म्हटलं, मी कुठं ऐकतेय, मी लिहितेय. आणि हातात आला तो कागद ओढला. लिहीत राहिले की ती वाजवत राहते, म्हणून हे इतकं लांबलं. तुमची आठवण झाली म्हणून लिहायला बसले असं नाही, आप्पा. कुणाला तरी लिहायला पाहिजे होतं.