खोटे चार दिवस

१० जानेवारी १९५८

आज पुन्हा खोटंच बाजूला बसले. पाळी येऊन वर्ष होत आलं, तरी घोंगडी घेऊन पडवीत! सासूबाईंनी वरून भाकरी टाकली. शाळेत शिकवलेलं चालतं, चुलीशी गेलेलं नाही – असो.

खरं सांगितलं तर त्यांची आशा संपेल. नातवासाठी सत्तरीतही दर मंगळवारी देवीचा कडक उपास धरतात – नुसत्या पाण्यावर. न सांगावं तर माझ्यापायी म्हातारी उपाशी. कोणतं पाप मोठं?

१६ जानेवारी

शाळेच्या कामानं उस्मानाबादेस. लेडी डॉक्टरांना गाठलं. दिवस गेलेले नाहीत – नीट तपासलं त्यांनी. "त्रेचाळीस म्हणजे जरा लवकर, पण होतं असं."

का? मूल झालं नाही म्हणून? टायफॉईडनं अंग पोखरलं म्हणून? रझाकारांच्या वेळी सोलापूरला पळालो, त्या धास्तीनं?

"असेल. नसेलही. तुमच्या आईची कधी गेली?"

आई छत्तिसाव्या वर्षी वारली. तिला कोण विचारणार! बी.ए. झाले, आणि स्वतःच्या अंगाचं एक उत्तर देता येत नाही.

१७ जानेवारी

यांना सांगितलं. "बरं," म्हणाले आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. दुःख झालं, की सुटले? कळलं नाही.

१९ जानेवारी

येडशीला मथुरामावशीकडं. आडून आडून विचारलं. ती खो-खो हसली. "तुझ्या आईची? मरायच्या आधी दोन वर्षं गेली होती की गं! तरी बसायची दर महिन्याला. म्हणायची, मथुरे, तेवढीच पाठ टेकते."

त्या चार दिवसांत आई लांबूनच मला गोष्टी सांगायची. एरवी हसलेली आठवत नाही.

म्हणजे लवकर जाणं आईकडून आलं? की टायफॉईडच? आणि हे खोटं बसणं – तेही तिचंच?

४ फेब्रुवारी

या महिन्यात बसायचं नाही, सांगून टाकायचं – पक्कं ठरवलं होतं. आज मंगळवार. चूल फुंकता फुंकता सासूबाई उपासानं धाप लागून भिंतीला टेकल्या. तरी सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी

सासूबाई सकाळीच भाकरी मोडून खात होत्या – मंगळवारी!

"सोडला उपास. लई झाले. देवीलाही कंटाळा आला असेल."

मी तोंड उघडणार, तोच म्हणाल्या, "काही बोलू नकोस. कळलंय मला सारं. घोंगडी टाक पडवीत, बस चार दिवस. चूल मी बघते."