तेलातला तुकडा

सॅरासोटा, फ्लोरिडा
मंगळवार, १९ ऑगस्ट

प्रिय दादा,

मी बरा आहे. तू, मेरीबेथवहिनी आणि तळं, तिघंही ठीक असाल असं धरून चालतो. इकडे उकाडा असा की पाना हातात धरवत नाही. हा तिसरा कागद; पहिले दोन फाडले. आठवीत शाळा सोडल्यापासून एका बैठकीत एवढं कधी लिहिलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

तू विचारलं होतंस ते आधी. दोन आठवड्यांपूर्वी तुझा मेसेज आला, 'तुझ्याकडे दोन्ही जातींचे ड्राइव्ह येतात. आपल्या ड्राइव्हवर अकराशे हॉर्सपॉवर टिकेल का? हो की नाही, तेवढंच लिही.' मी 'हो' लिहिलं. आता नीट लिहितो.

आमच्या वर्कशॉपात बोटींच्या मागचे हे गिअरचे डबे, दोन्ही जातींचे, शेजारी शेजारी टांगलेले असतात. आपल्या जातीचा अंगाने बारीक, पाण्यात कमी अडतो, म्हणून बोट पळते. पण त्याचे गिअर तेलात बुडून फिरतात, तेल तापतं आणि तापलं की पातळ होतं. दुसरा जाडजूड. त्यात पंपाने तेल नेमकं दातांवर मारतात. त्याचा शाफ्ट माझ्या मनगटाएवढा. किंमत दुप्पट, वजनही फार, सरळ धावेत दोन-तीन मैलांचा वेग खातो. एलाडिओ म्हणून क्यूबाचा म्हातारा मिस्त्री आहे, त्याच्या हाताखाली मी काम करतो. तो म्हणतो, "नऊशेपर्यंत बारीक घे आणि मजा कर. त्याच्या वर जाड घे आणि घरी जा."

मी म्हटलं, "माझ्या भावाचा बारीकच आहे. मे महिन्यात बोट उडून आपटली, तरी तेलात धातूचा कण नाही."

"मग तो ड्राइव्ह नाही, चर्चमध्ये ठेवायची वस्तू आहे. तेल कुणी बघितलं?"

"मी."

तो पुन्हा कामाला लागला.

रविवारी मी फोन केला तो हे सांगायलाच. पण तू उचललास आणि ओरडलास, "लाइल, ऐक, ऐक!" आणि फोन नव्या इंजिनाजवळ धरलास. मी तुला सोडून आल्यापासून तीन महिने तू माझ्याशी 'हं' आणि 'बरं' एवढंच बोलत होतास, आणि त्या दिवशी हसलास. मागून मेरीबेथ ओरडली, "त्याला सांग, त्याची सीट मला बसते बरोबर! फक्त चिप्सचा चुरा निघाला." तू म्हणालास, शनिवारच्या धावेत थ्रॉटलचा दांडा तिच्या हातात. मी म्हटलं, "वा." आणि फोन ठेवला.

काल एक बोट आली. ड्राइव्ह आपल्याच जातीचा, इंजिन हजाराचं. इथे एक रीत आहे. मालकाने तोंड उघडायच्या आत एलाडिओ बूच काढतो, तेल पांढऱ्या ट्रेमध्ये ओततो आणि ट्रे उन्हात नेतो. काल तेलात धातूचा चुरा चांदीसारखा चमकत होता. पूर्ण वेगात गिअर अडकला आणि बोट जागेवर गिरकी घेऊन उलटली. मालकाची बायको गळ्याला पट्टा लावून गाडीत बसली होती, मान वळवता येत नव्हती. एलाडिओने गिअरचे तुकडे काढून फडक्यावर मांडले आणि फुटलेल्या बशीसारखे एकमेकांना जुळवले. एक तुकडा कमी पडला. तो मालकाला म्हणाला, "हा बोट उलटताना तुटलेला नाही. आधीच तुटला होता. कुणीतरी काढून घेतलाय."

मालक रडायला लागला, दादा. सहा फुटी माणूस.

आता मे महिन्याचं सांगतो.

पुलापाशी त्या तीन मजली बोटीची लाट आली आणि आपण हवेत गेलो. तू स्टिअरिंगवर, मी थ्रॉटलवर. पाणी सुटलं की थ्रॉटल मागे, बोट टेकली की पुढे. सतराव्या वर्षी माझ्या मांडीवर थापा मारून मारून तू मला हे शिकवलंस. नाहीतर पंखा हवेत मोकाट फिरतो आणि पाण्यात पडला की सगळा हिसका गिअरच्या दातांवर येतो. मला माहीत होतं. पण धक्क्यावर लोक हात हलवत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होतो. मी थ्रॉटल मागे घेतलाच नाही.

'कट्' असं वाजलं. तू विचारलंस, "काय वाजलं?" मी म्हटलं, "बर्फाचा कूलर आपटला."

नंतर तू कॅटफिश आणायला गेलास तेव्हा मी तेल काढलं. बुचाच्या चुंबकाला मक्याच्या अर्ध्या दाण्याएवढा तुकडा चिकटला होता. मी तो खिशात टाकला, बूच पुसलं, नवं तेल भरलं. तू आलास तेव्हा तुला ते बूच दाखवलं. तू त्या बुचाची पापी घेतलीस, आठवतं? पेट्रोलच्या धक्क्यावर प्रत्येकाला सांगत सुटलास, जाड ड्राइव्ह घेणारे मूर्ख आहेत, आपला बघा, एक कण नाही. ते नवं इंजिन तू त्या पुसलेल्या बुचाच्या भरवशावर घेतलंयस.

पाचव्या दिवशी मी पळालो. जास्त पगारासाठी असं तुला सांगितलं, ते खोटं. तू पुढच्या वेळी तेल काढशील तेव्हा मला तिथे नको व्हायचं होतं. मग कळलं, तू जुनं इंजिन उतरवलंस आणि बोट पाण्यात गेलीच नाही. मी सुटलो, असं वाटलं. तेव्हा तुझा मेसेज आला. 'नाही' लिहिलं असतं तर तू 'का' विचारलं असतंस. म्हणून 'हो'.

मेरीबेथ माझ्या सीटवर बसणार हे तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर काय लिहिलं असतं, ते छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. हेही तुला कळू दे.

फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, सीट गेली म्हणून जळतोय. म्हणून तुकडाच पाठवतोय, पाकिटात चिंधीत बांधलाय. ड्राइव्हची वरची टोपी काढ, टॉर्च मार, गिअर हाताने सावकाश फिरव. एका दाताचा कोपरा नसेल. तिथे हा लावून बघ. बसला तर शनिवारची धाव रद्द कर. लोक हसतील तेव्हा माझं नाव सांग. मेरीबेथला तर सगळंच सांग, माझी बाजू न घेता.

उद्या पहाटे ट्रक एक बोट घेऊन तळ्यावर निघतोय. ड्रायव्हर बून गुरुवारी संध्याकाळी हे पाकीट तुझ्या हातात देईल. टोपी उघडेपर्यंत समोरून हलायचं नाही असं मी त्याला बजावलंय. तो म्हणाला, "तुझा भाऊ मला पान्याने हाणेल." मी म्हटलं, पाना मोठा असला तर माझ्याकडे पाठव.

कारण मी ट्रकमध्येच बसलेला असेन, तुझ्या फाटकाबाहेर. आत यायची हिंमत नाही आणि परत पळायला या वेळी गाडीची किल्ली माझ्याकडे नाही. बून तासभर थांबणार आहे. तुकडा बसतो की नाही ते बघ, मग मला आत बोलाव किंवा नको बोलावूस.

पण मेरीबेथला त्या सीटवर बसवू नकोस.

फाटकाबाहेर थांबलेला,
लाइल