पुतणीचे नाव श्वान विभागात घालण्याबाबत

प्रति,
मा. सचिव, नीती समिती,
जनुक-नियमन व आनुवंशिक रोग संशोधन संस्था,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : माझ्या पुतणीचा रक्तनमुना मानवी विभागातून काढून श्वान विभागात वर्ग करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपली तीन उत्तरे, तिन्ही नकाराची. २) शेजारच्या शिंप्याच्या कुत्र्यास आपल्याच संस्थेकडून आलेले दोन पानी पत्र.

सचिव महोदय,

मागच्या तीन अर्जांत ‘सविनय’ हा शब्द मी सात वेळा घातला होता. आता तो शिल्लक नसल्याने थेट मुद्द्यावर येतो.

१. मी आपल्याच संस्थेच्या नमुना-भांडारात सोळा वर्षे नोकरीस आहे. उणे ऐंशी अंशांचे चार फ्रीझर सांभाळायचे आणि रोज सकाळी त्यांचे तापमान वहीत उतरवायचे, हे माझे काम. तिसऱ्या फ्रीझरच्या वरच्या खणात माझ्या घरच्या तीन नळ्या आहेत : माझी, धाकट्या भावाची आणि त्याच्या मुलीची. आमचे वडील हृदयाचा स्नायू जाड होऊन अचानक गेले, म्हणून आपल्या हृदयरोगाच्या अभ्यासाला आम्ही हे नमुने दिले. त्यानंतर वर्षभरात भाऊही बस पकडायला धावला आणि थांब्यावरच गेला. वय एकेचाळीस.

२. या अभ्यासात माणसांबरोबर कुत्रीही घेतात, आणि शेजारच्या शिंप्याचा कुत्रा त्यात आहे. गेल्या महिन्यात त्याला संस्थेचे पत्र आले. शिंपी ते घेऊन आमच्या दारात उभा राहिला आणि ओशाळून म्हणाला, “भाऊ, तुमच्या पोरीचं पत्र आलं असेल ना? आमच्या कुत्र्याचं आलंय.”

३. पत्र सुरेख आहे, रंगीत आकृतीसकट. जनुक शाबूत आहे, पण ते कधी चालू आणि कधी बंद व्हायचे हे ठरवणारा, जनुकापासून बराच लांब असलेला तुकडा बिघडला आहे, असे त्यात समजावले आहे. मला ते लगेच उमगले. कीर्तनात बुवांचा गळा खणखणीत असतो, पण मृदंगवाला भलत्याच जागी ठेका धरतो आणि सगळे कोसळते, तसे. पुढे सूचना आहेत : कुत्र्यास धावू देऊ नये, दर सहा महिन्यांनी हृदय तपासावे, शंका आल्यास अमुक क्रमांकावर फोन करावा. आणि शेवटी एक ओळ : “हाच दोष अभ्यासातील एका मानवी कुटुंबातही आढळला आहे.” हृदयाच्या या आजाराची मानवी कुटुंबे आपल्याकडे दोनच आहेत. त्यांतले एक आमचे. दोन्हींच्या नळ्या मीच लावल्या आहेत.

४. पुतणी एकोणीस वर्षांची आहे आणि आठशे मीटर धावते. येत्या बावीस तारखेला तिची निवड-चाचणी आहे. हृदयाचे डॉक्टर म्हणतात की सोनोग्राफीत आज काही दिसत नाही, पण हा आजार उशिरा डोके वर काढतो. दोष आहे की नाही हे कळल्याखेरीज ते चाचणीसाठी लागणाऱ्या तंदुरुस्तीच्या दाखल्यावर सही करणार नाहीत. बाहेरची तपासणी नुसते जनुक पाहते. लांबचा तो तुकडा फक्त आपण पाहता. पाहून झालेलाही आहे.

५. यावर आपण कळवले की सहभागी व्यक्तींना वैयक्तिक निष्कर्ष सांगितल्यास त्यांना चिंता वाटते. केवढी ही माया! कुत्र्याला चिंता वाटत नाही, हे समितीने कोणत्या बैठकीत ठरवले ते कळावे. दुसऱ्या पत्री, पुतणीने स्वतः अर्ज करावा असे म्हणालात. तिने केला. तिसऱ्या पत्री, नमुन्याच्या वेळी ती अल्पवयीन असल्याने ज्या पालकाने सही केली त्यानेच येऊन संमती बदलावी, असा आदेश निघाला. तो पालक तिसऱ्या फ्रीझरमध्ये आहे, महोदय. जेवढा उरला आहे तेवढा. बैठकीस बोलवायचा असल्यास आगाऊ कळवावे, वितळायला वेळ लागतो.

६. समितीत अकरा विद्वान आहेत असे ऐकतो. अकरा जणांनी मिळून एका मुलीला ‘धाव’ किंवा ‘धावू नकोस’ एवढे सांगता येऊ नये, यासाठी फार शिकावे लागत असणार. मी देवभोळा माणूस. कोणाचे वाईट चिंतत नाही. त्या कुत्र्यालाही उदंड आयुष्य लाभो, गुणी जनावर आहे. पण आपल्यासाठी प्रार्थना करायला बसलो की हल्ली जीभ वळत नाही.

७. श्वान विभागाच्या फॉर्मवर एक चौकोन आहे : ‘निष्कर्ष मालकास कळवावा : होय / नाही’. मानवी फॉर्मवर तो नाही. सबब पुतणीला श्वान विभागात घ्यावे. फॉर्म भरून जोडला आहे. वजन सत्तेचाळीस किलो. लसी सर्व झाल्या. ‘हाक मारल्यावर येते काय’ : आईने मारल्यास तिसऱ्या हाकेला. ‘जात’ हा रकाना आपण ठरवाल तसा भरावा, आमची हरकत नाही.

मी हे रागाच्या भरात लिहायला घेतले होते. वाटले, पोरगी वाचेल आणि हसेल तरी. तिने फॉर्म दोनदा वाचला. मग माझ्या हातातून पेन घेतले, ‘मालक’ या रकान्यात स्वतः माझे नाव लिहिले आणि म्हणाली, “काका, बावीसच्या आत देतील ना?”

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
आपल्याच थंड खोलीचा राखणदार
(स्वाक्षरी)
दि. ११, सोमवार

सोबत : १) श्वान विभागाचा भरलेला फॉर्म. २) शिंप्याच्या कुत्र्याच्या पत्राची प्रत, त्याच्या मालकाच्या परवानगीने.