कॅल्शियमच्या रकान्यात

ता. ४ मार्च

ती. दादास सा. न.

इकडे सगळे बरे आहोत असं लिहायची रीत आहे, पण बरे नाही. परवा जेवताना माझी दाढ हातात आली. दुखली पण नाही. कारखान्यातल्या दोघींचं असंच झालं, त्यातली एक गेली. बाळाच्या आधी मी तिथे घड्याळाचे आकडे रंगवायचे ना, अंधारात चमकणारे, रेडियमचे. ब्रशला टोक यावं म्हणून दर आकड्याला तो ओठांत फिरवायचा. मुकादमीण म्हणायची, खा गं, गालावर लाली येईल. आता कंपनीचा डॉक्टर म्हणतो, दात नीट घासत जा. तू शाळेच्या प्रयोगशाळेत असतोस. खरं काय ते सांग. बाळ अंगावर पितंय.

तुझी, चौथीत नापास झालेली
धाकटी

ता. ९ मार्च

चि. धाकटीस अ. आ.

नापास झालीस, पण प्रश्न पहिल्या नंबरचा विचारलास. मी बाटल्या पुसणारा माणूस, म्हणून रसायनच्या बाईंना विचारलं. त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. सगळी मूलद्रव्यं नंबराने ओळीत मांडलीत, पण सारख्या स्वभावाची एकाखाली एक, एका रकान्यात. कॅल्शियमच्या रकान्यात तळाला रेडियम बसलंय. शरीराला वाटतं कॅल्शियमच आलं, ते त्याला हाडांत, दातांत नेऊन ठेवतं. एकदा बसलं की सहसा निघत नाही. खोटं लिहायला हात वळला नाही. दूध आजच तोड, दुधातही कॅल्शियमच असतं. ब्रश तुझ्या तोंडात गेला, बाळाच्या नाही, एवढं धरून राहा. रजा मिळाली की निघतो.

माया आहेच, ती लिहून दाखवता येत नाही.
दादा

ता. १३ मार्च

ती. दादास सा. न.

दूध तोडलं. रडून रडून त्याचा घसा बसलाय. हे म्हणतात, तुझ्या भावाच्या शहाणपणापायी पोर उपाशी. तुझं ते 'एवढं धरून राहा' वाचलं आणि आधी बाळाचा खुळखुळा शोधला. एक तुला सांगितलं नव्हतं. नोकरी सोडली त्या दिवशी उरलेला रंग लपवून आणला होता. बाळ अंधाराला घाबरू नये म्हणून खुळखुळ्यावर चांदण्या काढल्या. केवढं कौतुक मला. तीन महिने तो तेच चघळतोय. चांदण्या पार गेल्यात, दादा. कुठे गेल्या ते तूच लिहिलंस.

बाईंना विचार, त्या रकान्यात रेडियमला ढकलून बाहेर काढेल असं कुणी आहे का.

आज त्याला पहिला दात आला, तांदळाच्या कणीएवढा. शेजारीण बोट लावून बघून गेली, हसली. चादरीखाली अंधार करून बघायचा मला अजून धीर झालेला नाही.

माया आहे म्हणतोस ना, मग ये.
धाकटी